ऐकू आलेलं पान

हमीदचाचा गेले तेव्हा मी त्यांच्याच आवाजात बोलत होतो. पारनेरला एका शाळेत कार्यक्रम होता, दुपारची वेळ, आणि माझा नेहमीचा आयटम रंगला होता. बसस्टँडवरचा कंट्रोलर. नाक जरा बंद, शब्दाशब्दाला खिळा ठोकलेला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे..." पोरं लोळत होती. खिशात मोबाईल थरथरत होता, मी कशाला बघतोय! खाली उतरून बघितलं तर आमच्या पत्त्यांच्या, ब्रिजच्या ग्रुपवर मेसेज. चाचा गेल्याची वेळ जुळवून पाहिली. मी टाळ्या घेत होतो तेव्हाच... तेव्हापासून सात आठवडे झाले, तो आयटम केलेला नाही. पण आवाज काही ऐकत नाही. दाढी करताना, गाडीला किक मारताना मधूनच माझ्या घशातून बोलतो.

चाचांची माझी ओळखच चोरीच्या आवाजानं झाली. कॉलेजात होतो, राहात्याच्या स्टँडवर बसची वाट बघून वैतागलो होतो. चाचा कंट्रोलरच्या केबिनमधून चहा प्यायला बाहेर आले आणि मी भिंतीआडून त्यांच्या आवाजात नगर गाडी तीन नंबरच्या फलाटाला लावून टाकली. वीसेक माणसं पिशव्या घेऊन पळाली. चाचांनी कान धरला माझा. मला वाटलं, आता पोलीस. तर म्हणाले, "कान लई तयार हाय तुझा, नकल्या. रविवारी दुपारी वाचनालयाच्या माडीवर ये. आमचा चौथा गडी पुन्याला गेलाय." तेव्हापासून मी नकल्या आणि त्यांचा भिडू.

ब्रिज म्हणजे आधी बोली, मग खेळ. तेरा हातांपैकी आपण किती करणार ते पानं टाकायच्या आधी सांगून मोकळं व्हायचं. बारा सांगितले आणि केले, तर त्याला स्लॅम म्हणतात, मोठे गुण. एक कमी पडला की सगळंच बुडालं. मला आपलं दर डावाला स्लॅम दिसायचा. एक्का दिसला की मी लागलो बारा मोजायला. चाचा म्हणायचे की बारा कुठून येणार ते कुणीही मोजतं, दोन कुठून जाणार ते बघ. ते दोन सापडले नाहीत तरच तोंड उघड. निम्म्या वेळा त्यांनी मला दहावरच थांबवलं, आणि त्यातल्या निम्म्या वेळा ते बरोबर निघाले. उरलेल्या वेळी आमच्या विरुद्ध खेळणारे कुलकर्णी वकील आठवडाभर टोमणे मारायचे.

आमच्या टेबलावर बोली तोंडानंच चालायची. आणि तिथंच माझी गोची झाली. महिन्याभरात मला चाचांचा प्रत्येक "पास" ओळखू यायला लागला. पानं भिकार असली की पास शेवटाला खाली जायचा, बरी असली की जरा लांबायचा. मी तसं खुशीत सांगितलं, वर करूनही दाखवलं. वकील हसून लोटपोट. चाचा मात्र हसले नाहीत. बाहेर नेऊन मला म्हणाले, "भिडूच्या आवाजातून कळलं ते पान तुला वाटलेलं न्हाई. ते खेळायचं न्हाई." पुढच्या रविवारपासून त्यांनी प्रत्येक बोली स्टँडच्या आवाजात द्यायला सुरुवात केली. सपाट, खिळा ठोकलेली. एक बदाम, दोन किलवर, पास... सगळ्या गाड्या एकाच फलाटावर. नियम माझ्यासाठी होता, पण पाळायची मेहनत त्यांनी घेतली.

आवाज झाकता येतो, थांबणं कुठं झाकणार? नगरच्या मंडळाबरोबर आमची वर्षाची मॅच होती. चाचांनी इस्पिक उघडलं, मी पाठिंबा दिला, आणि चाचा थांबले. लई थांबले. मग सपाट आवाजात, "चार इस्पिक." म्हणजे दहा हात. माझ्याकडं दोन एक्के, बदामाचं एकच पान. त्या थांबण्यात चाचा बारा मोजत होते, मला लख्ख ऐकू आलं. जिभेवर पुढची बोली आली होती. पण मी पास म्हणालो. बारा हात झाले, पण सांगितले होते दहाच, आणि मॅच तेवढ्यावरच गेली. वकील शेजारच्या टेबलावर होते, येऊन माझ्यावर उखडले, की भिडू एवढा ओरडून सांगत होता आणि तू बहिरा काय? चाचांनी पानं गोळा केली आणि म्हणाले, "त्याला ऐकू आलं, वकीलसाहेब. म्हनून तर तो थांबला." येताना गाडीत त्यांनी मला पेरू घेऊन दिला. मॅच हरून एवढा खूश झालेला माणूस मी दुसरा बघितला नाही.

मग पावसाळ्यात चाचा तीन रविवार आलेच नाहीत. मी फोन केला. म्हणाले, गुडघा धरलाय, जिना नको वाटतो. मी विचारलं, बाकी बरं ना? "मी... ठीक हाय." सपाट, स्टँडचाच आवाज. पण 'मी' आणि 'ठीक'च्या मध्ये एक जागा होती, आणि त्या जागेत श्वास चढ चढून आल्यासारखा अडकला होता. माझ्या कानाला कळलं. आणि खरं सांगतो, माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं तर, हे पान आपल्याला वाटलेलं नाही. चाचांनी झाकलंय, आपण उघडायचं नाही. म्हणालो, आराम करा, घाई नाही. अकराव्या दिवशी ते गेले. छातीचं दुखणं दोन महिने अंगावर काढलं होतं म्हणे.

चाळिसावा झाला, मग एका दुपारी शमीमचाचींकडं गेलो. बाहेरच्या खोलीत त्यांनी बसवलं, चहा दिला. म्हणाल्या, सगळे म्हणतात ते तुझ्या गळ्यात हायेत, काढ जरा. मी नगर गाडी लावली. चाची थोडंसं हसल्या. "ह्यो स्टँडचा झाला. घरातला काढ." घरातला माझ्याकडं नव्हताच. मी तोंड उघडलं आणि आपोआप आलं ते फोनवरचं. "मी... ठीक हाय." ती जागा, तो श्वास, सगळं जसंच्या तसं. मी स्वतःच दचकलो. सात आठवडे मी स्वतःला समजावत होतो, की फोनवर काय नीट ऐकू येतं...

चाचींनी कप खाली ठेवला. "म्हंजी तुला कळलं हुतं."

"व्हय, चाची."

मग मी पानाचं, वाटण्याचं, नियमाचं सगळं सांगितलं. सांगताना मलाच ते येडपटासारखं वाटत होतं. चाचींनी ऐकून घेतलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "ते पत्त्यातलं, बाबा." कप बाजूला सारून म्हणाल्या, "मलाबी असंच सांगायचे. मीबी न्हाई इचारलं."

मग त्यांनी पदर सारखा केला, माझ्याकडं न बघता भिंतीकडं तोंड केलं आणि परत एकदा काढ म्हणाल्या. मी काढला. "मी..." म्हणून त्या जागेवर आलो, श्वास अडकवला, आणि तेवढ्यात चाची मध्येच बोलल्या, अगदी हळू, "काय हुतंय तुमास्नी? खरं सांगा."

मी तसाच थांबलो. त्या आवाजात ह्याच्या पुढचं माझ्याकडं काहीच नव्हतं.