गॅरेजमधलं लांबडं

मी तापट आहे. नागपूरची म्हणून तापट, असं माझा नवरा म्हणतो. तो सांगलीचा, त्यामुळे आपल्याला राग येतच नाही असं त्याचं स्वतःबद्दल ठाम मत आहे. इकडे अमेरिकेत, ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या चँडलरला येऊन मला एकोणीस वर्षं झाली, पण उन्हाच्या बाबतीत मी अजून नागपूरहून निघालेलीच नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात सापाचा दोष फार थोडा होता आणि माझ्या तोंडाचा बराच होता.

गेल्या वर्षी सासरे गेले. सासूबाई सांगलीतल्या फ्लॅटमध्ये एकट्या राहू लागल्या आणि एकुलत्या एका मुलाचा जीव इकडे वर-खाली होऊ लागला. शेवटी तो जाऊन त्यांना घेऊन आला. त्यांच्या ग्रीन कार्डाचे कागदही त्याने तयार केले. फक्त त्यांची सही बाकी होती. तो फॉर्म आमच्या फ्रिजवर चुंबकाखाली लटकत होता. नवरा दोन दिवसांआड विचारायचा, "आई, मग काय ठरलं?" आणि त्या म्हणायच्या, "दिवाळी होऊ दे रे, मग सांगते."

माझं विचाराल तर त्यांनी राहावं असं मला मनापासून वाटत होतं. रोज सकाळी साधारण दहापर्यंत वाटायचं. दहानंतर माझे कॉल सुरू व्हायचे.

आमची लेक कॉलेजला दुसऱ्या राज्यात, नवरा कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात आणि मी घरून काम करणारी. म्हणजे दिवसभर घरात आम्ही दोघीच. त्यांना इथे काम असं काहीच नव्हतं. भांडी मशीन घासतं, कपडे मशीन वाळवतं, भाजी चिरून मिळते. बाहेर पडावं तर पायी जाण्यासारखं काही नाही. मग उरले कोण, तर मी. दुसऱ्याच आठवड्यात माझ्या मोठ्या साहेबांसमोर कॅमेरा चालू, मी तावातावाने काहीतरी समजावतेय, आणि माझ्या पाठीमागचं बेडरूमचं दार उघडून सासूबाई आत. हातात ढोबळी मिरची. "अगं, ही पीठ पेरून करू का भरून?"

स्क्रीनवरची सगळी माणसं गोड हसली. माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. कॉल संपल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन जे बोलले ते आज लिहितानाही लाज वाटते. "आई, दार बंद असलं की माझा कॉल असतो. घराला आग लागली तरी दार वाजवायचं नाही!" त्यावर कडी म्हणजे मी एक कागद घेतला, ठळक अक्षरात 'कॉल चालू आहे. दार वाजवू नये' असं लिहिलं आणि दारावर चिकटवलं. त्या ओट्याकडे वळल्या. मिरची पीठ पेरून केली. छान झाली होती, पण तेही मी सांगितलं नाही.

दुसरा कागद चिकटवला नाही, पण दुसरा नियम होताच. तळण घरात नाही. इथल्या निम्म्या मराठी घरांमध्ये तळणाची शेगडी गॅरेजमध्ये असते, हे भारतातल्या माणसाला सांगूनही पटत नाही. घरं अशी बंदिस्त की एकदा पुऱ्या तळल्या तर आठवडाभर गालिच्याला, सोफ्याला आणि ऑफिसच्या जॅकेटला पुऱ्यांचा वास. म्हणून गाडी बाहेर काढायची, टेबलावर शेगडी मांडायची आणि धूर जायला गॅरेजचं मोठं दार खालून वीतभर उघडं ठेवायचं. सासूबाईंनी पहिल्यांदा ती शेगडी पाहिली तेव्हा एवढंच म्हणाल्या, "म्हणजे मी मोटारीच्या जागेवर बसायचं होय?" मी हसून वेळ मारून नेली.

दिवाळीला आठवडा होता. त्या दिवशी त्यांनी चकल्यांचा घाट घातला. भाजणी त्यांनी सांगलीहून येतानाच आणली होती, सोऱ्या पण आणला होता. इथे मिळतो म्हणून सांगितलं तर म्हणाल्या, "मिळत असेल, पण तो माझा नसेल." मी दार वीतभर वर करून दिलं, शेगडी पेटवून दिली आणि दहाच्या कॉलला जाऊन बसले. नेहमीपेक्षा मोठा कॉल होता. जवळजवळ दोन तास चालला. मध्ये एकदा मला तळणाचा वास आला, तेव्हा घरात वास आला म्हणून मी मनात चरफडलेसुद्धा.

बारा वाजता मी दार उघडून बाहेर आले. घर शांत. गॅरेजचं आतलं दार ढकललं आणि बघते तर काय, सासूबाई स्टुलावर बसलेल्या. एका हातात झारा, पदर खोचलेला. टेबलावर चकल्यांचा ढीग. आणि त्यांच्यापासून चार हातांवर माझा मोठा निळा प्लास्टिकचा टब. दिवाळीच्या माळा काढून मीच तो आडवा टाकून दिला होता. आता त्याच्या तोंडाला आमची पितळी परात लावलेली होती आणि परातीला टेकून बासमतीच्या दोन गोण्या.

"हे काय?" मी विचारलं.

"हळू बोल. आत लांबडं आहे."

सापाचं नाव त्या घेत नाहीत. नाव घेतलं की तो येतो म्हणे. तो आधीच आलेला असताना आता कसली भीती, हे विचारण्याच्या अवस्थेत मी नव्हते. "अरे बाप्पा!" एवढंच ओरडले आणि घरात जाणाऱ्या पायरीवर चढून उभी राहिले. माझी पाचावर धारण बसली होती. तेवढ्यात टबमधून खडखडखडखड असा आवाज आला. ॲरिझोनात राहणाऱ्या माणसाला या आवाजाचा अर्थ शिकवावा लागत नाही. शेपटीचं खुळखुळं वाजवणारा रॅटलस्नेक, विषारी जात.

"आई, आधी इकडे या! कधी आला हा?"

"दुसरा घाणा टाकला तेव्हा. त्या दारातून आला सरळ, पाव्हणा आल्यासारखा." त्यांनी झाऱ्याने त्या वीतभर फटीकडे बोट दाखवलं. "मी पाय वर घेऊन बसले. त्याला सावली हवी होती, गेला तुझ्या टबात. मग परात लावली."

"आणि मग?"

"मग काय, पीठ भिजवलेलं होतं. टाकून देऊ? तळत बसले. एक डोळा तेलावर, एक परातीवर."

मी घड्याळ बघितलं. दुसरा घाणा म्हणजे फार तर साडेदहा. म्हणजे ही सत्तरीची बाई दीड तास एका सापासमोर एकटी बसली होती. मध्ये एक भिंत होती आणि भिंतीपलीकडे मी होते. मला राग आला. राग मला सगळ्यात आधी येतो, बाकी सगळं मागून.

"अहो, मग मला हाक मारायची नाही का? दार वाजवायचं नाही का?"

त्यांनी कढईतली शेवटची चकली काढली, निथळली, ढिगावर ठेवली. "तूच म्हणालीस ना, आग लागली तरी वाजवायचं नाही. आग काही लागली नव्हती."

टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला मी उत्तर देऊ शकते, त्यात मला कोणी हरवलेलं नाही. पण त्यांनी ते अगदी साधेपणाने सांगितलं. पुढे म्हणाल्या, "आले होते एकदा दारापर्यंत. तो कागद वाचला. आतून तुझा आवाज येत होता, कामात होतीस. म्हटलं कशाला."

मी पायरीवरून खाली आले. सापाची भीती होतीच, पण त्यांना तिथे आणखी एक क्षण एकटं ठेवणं मला जमेना. शेगडी बंद केली आणि त्यांचा हात धरून त्यांना आत आणलं. हात गार पडला होता. इतका वेळ त्या घाबरलेल्या होत्या, आणि घाबरलेल्या हाताने त्यांनी चकल्या पाडल्या होत्या. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. "अगं वेडे, झालं काय?" असं म्हणत उलट त्याच माझी पाठ थोपटत राहिल्या.

नवऱ्याला फोन लावून उपयोग नव्हता. कारखान्यात आत जाताना तो डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख चढवतो आणि फोन बाहेर कपाटात असतो. मग आमच्या वसाहतीच्या ग्रुपवर साप पकडणाऱ्या एका बाईंचा नंबर होता, तो फिरवला. अर्ध्या तासात त्या आल्या. पन्नाशीच्या, दणकट, दोन्ही हात गोंदवलेले. एका हातात लांब चिमटा, दुसऱ्या हातात फिरकीच्या झाकणाची बादली. टब, परात, तांदळाच्या गोण्या असा सगळा बंदोबस्त त्यांनी कमरेवर हात ठेवून बघितला आणि हे कोणी केलं म्हणून विचारलं. मी सासूबाईंकडे बोट दाखवलं. त्या बाईंनी चिमटा काखेत धरून सासूबाईंशी हस्तांदोलन केलं.

परात सरकवली तसं साडेतीन-चार फुटांचं एक पिवळट, तपकिरी ठिपक्यांचं वेटोळं फुसकन अंगावर आलं. मी किंचाळले. त्या बाई मात्र खो खो हसल्या. हा रॅटलस्नेक नव्हेच, म्हणाल्या. गोफर स्नेक. उंदीर खातो, विष नाही, दुसऱ्यांनी घाबरावं म्हणून शेपटी टबावर आपटून रॅटलस्नेक असल्याचा आव आणतो. हे मी मराठीत सासूबाईंना सांगितलं. त्यांनी सापाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे फुसफुस भारी, पण विष नाही," त्या म्हणाल्या. "कळलं. आहे असं एक आमच्या घरात."

मला इतकं हसू आलं की दाराची चौकट धरावी लागली. त्या बाईंना मी भाषांतर करून सांगितलं नाही, पण त्याही हसल्या आणि हसतहसत त्यांनी साप चिमट्याने बादलीत घालून झाकण लावलं. जाण्याआधी त्यांनी उभ्याउभ्या चार चकल्या खाल्ल्या आणि सासूबाईंनी त्यांना आणखी डझनभर पिशवीत बांधून दिल्या. त्यांनी बादली उचलली तेव्हा सासूबाईंनी बादलीलाच हात जोडले. "सुखाने जा बाबा. परत इकडे येऊ नको. इथे सगळ्यांचे कॉल असतात."

संध्याकाळी नवरा आला तेव्हा आम्ही दोघींनी मिळून त्याला ही हकीकत तीनदा सांगितली. प्रत्येक वेळी साप वीतभर वाढत गेला. माझा कागद मात्र मी सांगण्यातून गाळत होते. सासूबाईंनीही गाळला. मुलासमोर त्यांनी माझी लाज राखली, हे माझ्या लक्षात आलं.

रात्रीच्या जेवणाआधी मी दारावरचा कागद काढला. चिकटपट्टीबरोबर थोडा रंगही निघाला, तो डाग अजून आहे. मग गॅरेजमधून शेगडी उचलून स्वयंपाकघरात आणली. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी तिथे अनारसे तळले आणि घरभर तुपाचा वास सुटला. माझ्या जॅकेटलाही तो लागला. लागू दे म्हटलं.

पण सवय अशी एका दिवसात जात नाही. कागद काढला तरी दहा वाजले की त्या पावलांचा आवाजही होऊ देत नव्हत्या. "आई, येत जा हो आत," असं मी दहादा सांगितलं. त्या "बरं" म्हणायच्या आणि यायच्या नाहीत. फॉर्म तसाच फ्रिजवर लटकत होता. दिवाळी झाली, भाऊबीज झाली. नवऱ्याने विचारणंही सोडलं. त्या परतीच्या तारखा बघतायत, असं एकदा तो मला हळूच म्हणाला. एकदा तोंडातून गेलेलं परत घेता येत नाही, हे मला तेव्हा चांगलंच कळलं, आणि माझा मलाच फार राग आला.

त्यानंतरच्या मंगळवारची गोष्ट. कॉल चालू होता, सात माणसं स्क्रीनवर, बोलत मीच होते. दारावर टकटक झाली. मी खुर्ची मागे ढकलून धावले आणि दार उघडलं. बाहेर सासूबाई.

"काय झालं? परत आलं का?"

"नाही गं. काही नाही. सहज."

त्या आत आल्या, पलंगाच्या कडेला टेकल्या. स्क्रीनवरच्या सात जणांकडे बघून त्यांनी नमस्कार केला. त्यांच्या हातात फ्रिजवरचा फॉर्म होता.

"काळ्या शाईने सही करायची का निळ्या?" त्यांनी विचारलं.

मी त्या सात जणांना जरा थांबा म्हणाले आणि काळं पेन शोधायला लागले.