अंदमानला बादली नाही न्यायची

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो. घरात रिकामे डबे जमतात ना, तसे जमतात. टाकवत नाहीत आणि उपयोगही काही नाही. एखाद्या दिवशी फळीवरून एक काढायला जावं, तर सगळे धडाधड अंगावर येतात!

वाशीमपासून एसटीनं तासाभरावर आमचं गाव. तिथल्या हायस्कुलात मी ड्रॉइंग मास्तर होतो. आमच्या स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं एकच विषय चालला, अंदमानची ट्रिप! ज्या गावात उन्हाळ्यात आंघोळीला तांब्याभर पाणी मिळायची मारामार, त्या गावातले मास्तर निघाले होते समुद्रातली बेटं बघायला. लोक हसायचे. हसणारच की! आम्हालाही हसू यायला पाहिजे होतं, पण आलं नाही. आजही नीटसं येत नाही.

*

सुरुवात बहात्तरच्या दुष्काळात झाली. विहिरी आटल्या आणि गावात टँकर यायला लागला. पहाटेपासून हंड्यांची रांग लागायची. खरं तर रांगा दोन होत्या. तसं कोणी तोंडानं म्हणायचं नाही, पण होत्या. एक गावाची, एक बौद्ध वस्तीची. दुसरीला पाणी मिळायचं ते पहिलीचं झाल्यावर, उरलं तर.

भूगोलाचे पडघान सर त्या वस्तीतले. पंचफुलावहिनी त्यांची बायको. एका सकाळी वहिनी हंडा घेऊन सरळ मोठ्या रांगेपाशी आली आणि खणखणीत आवाजात विचारलं, "लास्ट नंबर कोनाचा हाय व?"

एकही बाई मागं वळली नाही. माझी बायको त्याच रांगेत होती, तीही नाही.

वहिनीनं हंडा कमरेवर घेतला. मग म्हणाली, "कोनाचाच नाही? मंग पह्यला माहा!" आणि तरातरा चालत जाऊन तिनं आपला हंडा सगळ्यांच्या पुढं नेऊन ठेवला!

आता मोठं भांडण पेटणार होतं. पण त्या दिवशी टँकरच आला नाही. दुपारपर्यंत वाट पाहून सगळ्याजणी आपापले रिकामे हंडे घेऊन घरी गेल्या.

संध्याकाळी वहिनी सरांना म्हणाली, "तुमी पोराइले शिकवता ना, पृथ्वीवर तीन भाग पानी हाय म्हनून? मले दाखवा. जे सरत नाही असं पानी एकदा डोयानं पाहू द्या मले."

हे सरांनीच दुसऱ्या दिवशी आम्हाला सांगितलं. येताना भारताच्या नकाशाची गुंडाळी काखेत घेऊन आले होते. मी म्हटलं, "सर, मुंबईला घेऊन जा ना वहिनीला. जवळ पडेल."

"मुंबईले एका बाजूनं पानी हाय," सर म्हणाले. "अंदमानले चारी बाजूनं!"

*

गावात ही बातमी फिरायला वेळ लागला नाही. सरांचे वडील सखारामबाबा म्हणजे शेतमजुरी करून मुलाला बी.ए. केलेला माणूस. त्यांना कोणीतरी सांगितलं, "तुमचा पोरगा अंदमानले चालला." बाबा उठले. धुतलेलं धोतर नेसले आणि पहिल्या एसटीनं वाशीमला गेले.

दुपारी शाळेत आले ते काळ्या कोटातला वकील घेऊन!

वकीलसाहेबांनी हेडमास्तरांना नमस्कार केला आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "कलम कोणतं लागलं?"

सगळी स्टाफरूम पोट धरून हसली. सरांनी बाबांना जवळ बसवून समजावलं की शिक्षा वगैरे काही नाही, आता तिथं लोक हौसेनं फिरायला जातात, आपणहून. बाबांना ते काही केल्या पटेना.

"आपल्या मनानं कोनी जाते काय रे तिथी?" ते म्हणाले. "काहून? इथं काय कमी शिक्षा हाय?"

आमचं हसू तिथंच थांबलं.

*

शेवटी चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात निघायचं पक्कं ठरलं. मी, पडघान सर आणि पीटीचे देशमुख सर, तिघंही सहकुटुंब. वाशीमहून पूर्णा, तिथून सिकंदराबाद, मग मद्रास आणि मद्रासहून जहाज. रेल्वेचा संप होणार असं पेपरात रोज येत होतं. पण देशमुख सरांना त्याचं काहीच नव्हतं.

"पेपरचं काय घेऊन बसले राजेहो! संप होत नसते. ऐन टायमाले मिटते!"

स्टेशनवर पोचलो तर चिटपाखरू नाही. नुसते रूळ तापत पडलेले. स्टेशन मास्तरांनी आमच्या ट्रंका पाहिल्या, वळकट्या पाहिल्या, आणि विचारलं, "कुठं निघाले?"

"अंदमान!" देशमुख सरांनी छाती काढून सांगितलं.

मास्तरांनी हातातली हिरवी झेंडी गुंडाळून ठेवली. मग म्हणाले, "साहेब, इथून हिंगोलीले जायाले गाडी नाही."

संध्याकाळी परतीची एसटी होती. तोवर प्रवासासाठी केलेल्या दशम्या आणि चिवडा आम्ही प्लॅटफॉर्मवर बसून संपवला. वहिनीनं एक घास खाल्ला नाही. रुळांकडं तोंड करून बसून राहिली. जाताना एवढंच म्हणाली, "हेबी आटलं काय हो?"

*

पुढच्या वर्षी कोणीतरी खबर आणली की जहाजात माणसाला भयंकर ओकाऱ्या होतात. झालं! देशमुख सरांनी फतवा काढला, "सवय करा लागते. प्रॅक्टिसशिवाय कोनतीच गोष्ट होत नाही!"

दर रविवारी पोहरादेवीच्या एसटीत, शेवटच्या सीटवर बसून जायचं आणि यायचं. त्या रस्त्यावर शेवटची सीट म्हणजे काय हे बसलेल्यालाच माहीत! देशमुख सर गळ्यात शिट्टी अडकवून मधोमध बसायचे. "श्वास घ्या! सोडा! लांब पाहा!"

तिसऱ्या रविवारी अर्ध्या रस्त्यात शिट्टी बंद झाली. बघतो तर सरांचं अर्धं अंग खिडकीबाहेर! कंडक्टरनं गाडी थांबवली, सरांच्या डोक्यावर पाणी ओतलं, पाठ चोळली आणि म्हणाला, "सर, कायले जीव देऊन राह्यले? समुद्रात खड्डे नसते!"

देशमुख सरांनी त्याच दिवशी ट्रिपमधून नाव काढून घेतलं. आम्ही दोघं उरलो.

*

शहात्तर साल मात्र वाईट गेलं. वरून हुकूम आला की प्रत्येक मास्तरनं कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनच्या केसेस आणायच्या. तोवर सुट्टी नाही. मी आणि पडघान सर सायकलीवर शिरपूरच्या बाजूला वाडीवाडीनं हिंडलो. माणसं आम्हाला पाहून कपाशीच्या पऱ्हाटीत लपायची! ज्यांची पोरं शिकवली, ती माणसं.

एक शेतकरी तेवढा पळाला नाही. त्यानं बाज टाकली, चहा केला. पडघान सरांना खोटं बोलता येत नसे. त्यांनी सरळ सांगितलं, "तुमी आले तं मले सुट्टी भेटते. बायकोले समुद्र दाखवाचा हाय."

त्या माणसानं सरांच्या कपात आणखी थोडा चहा ओतला. मग अगदी समजुतीनं विचारलं, "सर, समुद्र तुमाले पाह्याचा हाय, तं आमाले काहून कापता?"

सरांनी कप खाली ठेवला. त्यानंतर वर्षभर त्यांनी अंदमानचं नाव काढलं नाही. वर्गात बंगालचा उपसागर आला की दोन ओळींत संपवायचे. नकाशाची गुंडाळी कपाटावर धूळ खात पडली. मला त्या वर्षी त्यांच्याकडं बघवत नसे. इकडं टँकर येतच होता. दुष्काळ संपला असं सरकारनं केव्हाच सांगितलं होतं, पण आमच्या विहिरींना ते कोणी कळवलं नव्हतं.

*

शेवटी वहिनीच शाळेत आली. कपाटावरची गुंडाळी काढली, पदरानं पुसली आणि सरांच्या टेबलावर ठेवली.

"आता नाही तं कधीच नाही," ती म्हणाली. "गुडघे दुखून राह्यले माहे. पन एक गोष्ट सांगून ठेवतो. हंडा, घागर, बादली काईच सोबत घ्याचं नाही. तितले दिवस मी पानी भरनार नाही!"

अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यात आम्ही दोन कुटुंबं निघालो. माझ्या बायकोनं स्टोव्ह घेतला, ज्वारीचं पीठ घेतलं, ठेचा घेतला आणि वळकटीत गुपचूप एक बादलीही खुपसली. परक्या मुलखात लागते म्हणे!

वाशीम स्टेशनवर वळकटी उचलताना बादली वाजली. वहिनीनं ती ओढून काढली आणि समोरच्या चहावाल्याच्या हातात दिली.

"घे बावा. आमी वापस आलो की दे. नाही देल्ली तं अजूनच बरं!"

गाडी सुटली तेव्हा ती पोरीसारखी हसत होती. इतक्या वर्षांत मी तिला तशी हसताना पहिल्यांदा पाहिलं.

*

जहाजावर मी, माझी बायको आणि पडघान सर तिघंही आडवे. पोहरादेवीच्या साऱ्या रविवारांचा काडीचा उपयोग झाला नाही! वहिनीला मात्र काही झालं नाही. सकाळी वर डेकवर जायची ती जेवायला बोलावलं तरी यायची नाही. कठडा धरून उभी राहायची.

तिसऱ्या दिवशी सर कसेबसे उठून वर गेले. मीही मागोमाग गेलो. चारी बाजूंनी पाणी, दुसरं काही नाही.

"कसं वाटते?" सरांनी विचारलं.

वहिनी पाण्याकडंच बघत होती. हळूच म्हणाली, "येवढं पानी हो! अन् एकबी बाई भरून नाही राह्यली!"

*

पोर्ट ब्लेअरला एका बंगाली बाईच्या घरात आम्हाला खोली मिळाली. उंचावर घर, दारात उभं राहिलं की खाली निळाशार समुद्र. सर दाखवत होते, "हे पाय, इकडूनबी पानी, तिकडूनबी!" वहिनीनं चपला काढल्या आणि पाय धुवायला घरमालकिणीकडं पाणी मागितलं.

"ठहरो दीदी," ती म्हणाली. "गरमी में पानी का बहुत तकलीफ है इधर. एक दिन छोड़ के आता है, आधा घंटा. आज आएगा. आपका बाल्टी किधर है?"

माझ्या बायकोनं मान खाली घातली. सर समुद्राकडं बघत राहिले.

घरमालकिणीनं आतून आपली एक जुनी बादली आणून दिली. सर पुढं झाले, "मी भरतो." वहिनीनं ती त्यांच्या हातातून घेतली, पदर खोचला आणि उतारावरून नळाकडं निघाली. आम्ही मागोमाग.

नळावर रांग होती. हंडे, बादल्या, रॉकेलचे डबे. बंगाली बाया, मद्रासी बाया, आणखी कुठल्या कुठल्या. मराठीचं अक्षर कोणाला येत असेल असं वाटत नव्हतं. वहिनी रांगेपाशी जाऊन उभी राहिली आणि तोच खणखणीत आवाज लावला, "लास्ट नंबर कोनाचा हाय व?"

शेवटची बाई मागं वळली. तिनं वहिनीकडं पाहिलं, हातातल्या बादलीकडं पाहिलं, आणि हात वर केला.