आमच्या घरात कुणालाही मुतखडा नव्हता

आज सकाळी चुलतभाऊ घाटकोपरहून फोनवर माझ्यावर ओरडला, म्हणून हे लिहिते आहे.

आमचे आजोबा, माझे वडील आणि धाकटे काका, म्हणजे याचेच वडील, मूत्रपिंडाच्या कर्करोगाने गेले. बाहेर मात्र आम्ही ‘मुतखडा’ सांगितलं. घरातल्या मुलींची लग्नं अडू नयेत म्हणून. गेल्या वर्षी माझं एक मूत्रपिंड काढलं, तेव्हाही वहिनीने शेजारी हेच सांगितलं.

पेशींची बेसुमार वाढ रोखणारं एखादं जनुक आमच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या बिघडलेलं आहे का, हे काही संशोधक शोधत आहेत. त्यासाठी त्यांना नातेवाइकांचं रक्त हवं आहे. मी हो म्हटलं.

“ताई, गप्प बस ना! माझ्या मीनलला स्थळ आलंय. वाट लावशील तिची.”

“आणि तिला गाठ झाली नि उशिरा कळली तर? माझी लवकर कळली, म्हणून आज तुझ्याशी भांडायला जिवंत आहे रे.”

त्याने फोन ठेवला.

दुपारी मुलुंडच्या रुग्णालयात पोहोचले, तर मीनल दारातच उभी.

“आत्या, पप्पांना सांगून आलेय. मुलाकडच्यांनाही मीच सांगणार. नको म्हणाले तर गेले उडत.”

मंडळी, तुमच्या घरातलं कोण कशाने गेलं, हे तुम्हाला खरंच माहीत आहे? आजच विचारा.

आम्ही आज दिलं ते असं: मीनलच्या रक्ताची एक नळी, माझ्या रक्ताची एक, आणि गेल्या वर्षीच्या शस्त्रक्रियेनंतर तपासणीसाठी मेणात जपून ठेवलेला माझ्या गाठीचा तुकडा. त्याच्या डबीवर आमचं आडनाव मी स्वतः ठळक अक्षरांत लिहिलं.