मनश्शेचा रंग

फळ्यावर तो गुलाबी डाग पडला माझ्याच हुशारीमुळे. चर्चच्या रविवारच्या शाळेत मी बायबलमधले यहूदा देशाचे राजे मांडत होतो. चांगला राजा पांढऱ्या खडूने, दुष्ट राजा लाल खडूने. आहाज लाल, त्याचा मुलगा हिज्कीया पांढरा, हिज्कीयाचा मुलगा मनश्शे पुन्हा लाल. युक्तीवर मीच खूश होतो.

"सर, मनश्शे कैदेत पडल्यावर देवापुढे नमला ना? मग लाल का?" पाळकसाहेबांच्या नातीने विचारलं.

मी पुसून पांढरा केला.

"पण आधी त्याने मंदिरातच मूर्ती बसवल्या होत्या," दुसरी म्हणाली.

पुन्हा लाल. तीनदा पुसापुशी होऊन लाल-पांढरं मिसळलं, नावाच्या जागी गुलाबी डाग उरला, पोरी खुदुखुदु हसल्या, आणि माझं चित्त काही थाऱ्यावर येईना. मेलेल्या राजाचा एका ओळीत निकाल लावता येतो. जिवंत माणसाचं काय करायचं? माझे पप्पा वीस वर्षं प्यायले. गेली चार वर्षं थेंबालाही शिवलेले नाहीत. उपासनेनंतर ते दर रविवारी जेवायला बोलावतात, तरी मी दर रविवारी नवं काम शोधून काढतो.

त्या दिवशीही त्यांनी विचारलं. "काम आहे," सवयीने तोंडातून गेलंच.

"बरं," म्हणून ते चर्चच्या फाटकाकडे निघाले. मला राहवेना.

"पप्पा, जेवायला काय आहे?"

ते वळले. "डाळ-भात. मीच केलाय, खारट असेल. काम संपलं वाटतं तुझं?"

"थांबा," मी म्हणालो, "चप्पल घालतो."