कारागिरांचा कॉम्प्युटर

"पंधरा मिनिटं दे."

"मगाशीही पंधराच मागितली होतीस."

"मग आता ही शेवटची."

"नको. मी दादाला फोन लावते."

"लाव. येईल, हसेल, आणि जाताना पाठीवर थाप मारून म्हणेल, कारागीर, उघडायच्या आधी एक फोन टाकत जा."

"हसू दे की. मला कॉम्प्युटर चालू व्हायला हवाय. तुझ्या पाठीचं मी काय करू?"

टेबलाखाली मान वाकडी करून बसलेल्या त्याला बायकोची फक्त पावलं दिसत होती. उजव्या पायाचा अंगठा फरशीवर टकटक करत होता. त्याने पुन्हा बटण दाबलं. कॉम्प्युटरच्या डब्यातला पंखा घुर्र करून फिरला, हिरवा दिवा लागला, आता येईल, आता येईल असं वाटेपर्यंत सगळं गप्प झालं, आणि क्षणभराने परत घुर्र. वर टेबलावर स्क्रीन ढिम्म. काळा तो काळाच.

सकाळपासून हेच चाललं होतं. आणि बारा वाजता बायकोची परीक्षा होती.

ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती, लग्नाच्या आधीपासून. तिच्या हाताखाली सुई धरायला शिकलेली मुलगी गेल्या वेळी मुख्य तंत्रज्ञ झाली, कारण त्या पदाच्या परीक्षेच्या आठवड्यात सासूबाईंचं ऑपरेशन होतं आणि ही दवाखान्याच्या बाकावर बसून होती. या वेळी परीक्षा घरून द्यायची होती. कॉम्प्युटरसमोर बसायचं, कॅमेऱ्यात चेहरा दिसला पाहिजे, खोलीत दुसरं कुणी नको, मोबाइल चालणार नाही, आणि बाराच्या ठोक्याला दार बंद, म्हणजे त्यानंतर कुणालाही आत घेणार नाहीत. लॅबच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आमच्या रिपोर्टच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर बस, रविवारी ती खोली रिकामीच असते. यानेच मोडता घातला. घरात चांगला कॉम्प्युटर असताना लोकांच्या दारात कशाला, असं म्हणाला. चांगला हा शब्द त्याने दोनदा वापरला होता. आता तो शब्द त्याला टेबलाखाली बसल्या बसल्या टोचत होता.

कारागीर हे नाव मेहुण्याने, म्हणजे तिच्या दादाने ठेवलेलं. मेहुण्याचं कॉम्प्युटरचं दुकान, आणि हा पाणीपट्टीच्या कचेरीत कारकून. पण घरातली एकही वस्तू याने उघडली नाही असं नव्हतं. मिक्सर चालायचा, फक्त झाकणावर डाव्या हाताने जोर द्यावा लागायचा. दाराची बेल बोट दाबल्यावर वाजायची नाही, उचललं की वाजायची, त्यामुळे येणारा माणूस परत फिरायला लागला की आतून दार उघडायचं. न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ उलटा फिरायचा, आणि पाहुण्यांना ते सांगायचं राहून जायचं. त्याची आई शेजारणींना कौतुकाने सांगायची, "माझा मुलगा काहीसुद्धा टाकून देत नाही. वापरता येत नाही, ते वेगळं."

पण त्याची एक खोड घरातल्यांना ठाऊक होती. तू मला आवडतेस, असं म्हणायला त्याची जीभ कधी वळली नाही. त्याऐवजी तो त्या माणसाच्या वस्तू उघडायचा. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्याने तिचं मनगटी घड्याळ उघडलं होतं. तेव्हा ती हसली होती.

आज ती हसत नव्हती. तिने इस्त्रीचे कपडे घातले होते, गळ्यात ओळखपत्र होतं, आणि हातात टॉर्च धरून ती त्याच्या कानाशी उजेड पाडत होती. वायरी काढून झाल्या, घालून झाल्या. स्क्रीनची वायर उलटी लावून बघितली, ती उलटी बसतच नाही हे कळलं. भिंतीतलं बटण बदललं. डब्याच्या आत फुंकर मारली, तेव्हा इतकी धूळ उडाली की दोघंही खोकत बसले आणि आतल्या खोलीतून आईने काढा करू का विचारलं. मग बटणाएवढी गोल बॅटरी काढून, थोडं थांबून, परत बसवली. प्रत्येक वेळी तो म्हणायचा, आता बघ. प्रत्येक वेळी ती बघायची.

"तू एका वेळी तीन गोष्टी का बदलतोस?" ती म्हणाली.

"वेळ वाचतो."

"वाचत नाही. समजा, चालू झाला. कशाने झाला ते कसं कळणार?"

"कळून काय करायचंय? झाला म्हणजे झाला."

तिने टॉर्च खाली ठेवली, त्याच्यासमोर फरशीवर मांडी घातली, आणि लॅबमध्ये नव्या पोरींना समजावते तशा आवाजात बोलायला लागली. आमच्याकडे मशीनने वेडेवाकडे आकडे दिले तर आम्ही मशीन उघडत नाही, म्हणाली. आधी एकच प्रश्न विचारतो, कालपासून काय बदललं? बाटली नवी आली का, कुणी काही हलवलं का. एकदा एका पोरीने चुकून दुसरंच द्रावण भरलं होतं आणि रडत रडत लगेच सांगितलं. तिला कुणी ओरडलं नाही. तिच्या सांगण्यामुळे सकाळचे सगळे रिपोर्ट चुकायचे वाचले.

"मग सांग," ती म्हणाली. "काल रात्री मी सराव परीक्षा दिली, तेव्हा छान चालला होता. त्यानंतर काय बदललं?"

"काहीच नाही," तो म्हणाला. फार चटकन म्हणाला.

खरं म्हणजे बदललं होतं. ती झोपायला गेल्यावर त्याने डबा उघडला होता. कचेरीतला एक जुना कॉम्प्युटर भंगारात निघाला तेव्हा साहेबांना विचारून त्याने त्यातली रॅमची पट्टी मागून घेतली होती. बोटभर लांबीची ती हिरवी पट्टी महिनाभर त्याच्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत पडून होती. कॉम्प्युटर हल्ली कधीकधी अडकायचा, आणि ऐन परीक्षेत अडकला तर काय, या विचाराने त्याला झोप येत नव्हती. दुसरी खाच रिकामीच होती. पट्टी खटकन बसली, मशीन सुरूही झालं, कंपनीचं चिन्ह आलं, आणि तो इतका खूश झाला की पुढचं काही न बघता बंद करून टाकलं. परीक्षा झाल्यावर तिला सांगायचं होतं. कसा पळाला ना आज? मीच केलं.

सकाळी स्क्रीन काळा दिसला तेव्हाच त्याला ती पट्टी आठवली होती. पण लगेच मनाने पळवाट काढली. वायर सैल असेल. धूळ असेल. बॅटरी असेल. ती पट्टी सोडून जगातलं काहीही असेल. ती काढायची म्हणजे तिच्या देखत काढायची, आणि मग ही कुठून आली याचं उत्तर द्यायचं. ते उत्तर मेहुण्यापर्यंत जायला किती वेळ लागला असता? पुढच्या जेवणापर्यंत.

"रॅम पुसू या," तो म्हणाला. निदान तेवढं तरी खऱ्याच्या जवळचं होतं.

त्याने दोन्ही पट्ट्या काढून तिच्या तळहातावर ठेवल्या. तिने आतल्या खोलीतून खोडरबर आणलं आणि पट्ट्यांच्या सोनेरी कडा एकेक करून घासल्या, लॅबमधली काचेची पट्टी पुसावी तशा, एकाच दिशेने, न घाई करता. कापसाने पुसल्या. उजेडात धरून बघितल्या. मग त्याच्याकडे दिल्या. त्याने दोन्ही परत खाचेत बसवल्या. बटण दाबलं.

घुर्र. गप्प. घुर्र.

"अहो," ती म्हणाली.

तो जागच्या जागी थिजला. एरवी ती त्याला अरे म्हणायची, तू म्हणायची, माहेरच्यांसमोरसुद्धा. अहो हा शब्द तिने जपून ठेवला होता. मिक्सरच्या वेळी एकदा निघाला होता आणि मग चार दिवस घरात कुणी मिक्सरचं नाव काढलं नव्हतं.

"अहो, तुमचं अजून काय उघडायचं राहिलंय तेवढं सांगा," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मी गेल्या वेळी बाकावर बसून होते, कुणाला बोलले नाही. आई आजारी होत्या, त्यात कुणाचा दोष नव्हता. पण आज मी इथे फरशीवर बसलेय, आणि मला कळत नाहीये की कशासाठी."

तेवढ्यात आतून आईने हाक मारली. गोळ्या दुपारच्या घ्यायच्या की सकाळच्याच राहिल्यात, असं काहीतरी. ती उठून गेली.

तो एकटा उरला. त्याने डब्यात हात घातला, बाजूचा खटका दाबला, दुसरी पट्टी उपसून काढली आणि पँटच्या खिशात टाकली. बटण दाबलं. पंखा फिरला आणि फिरतच राहिला. स्क्रीनवर चिन्ह उमटलं, मग निळा उजेड, मग त्यांच्या घराचा दोन वर्षांपूर्वीचा फोटो, ज्यात तिघंही डोळे मिटून उभे होते.

"झाला," तो ओरडला. "आई, झाला चालू."

ती दारात आली. स्क्रीनकडे बघितलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. बाराला वीस मिनिटं होती. तिच्या चेहऱ्यावर एक क्षण सगळं सैल झालं, आणि ते बघून त्याला वाटलं, सुटलो.

"कशाने झाला?"

"काहीतरी सैल होतं. मी नीट दाबून बसवलं. तू बस ना, खुर्ची ओढ."

ती खुर्चीकडे आली नाही. टॉर्च उचलली, गुडघे टेकले, आणि उघड्या डब्यात उजेड टाकला. तिची नजर कुठे थांबली ते त्याला वरूनही कळलं.

"मी दोन पट्ट्या पुसल्या," ती म्हणाली. "इथे एकच आहे."

त्याने खिशात हात घातला. नको असताना गेला तो हात. पट्टी टेबलावर ठेवली आणि मग बोलतच सुटला. कचेरीतला कॉम्प्युटर, भंगार, साहेबांची परवानगी, रिकामी खाच, काल रात्री सुरू झाला होता, आईशप्पथ झाला होता. तुझ्यासाठीच केलं गं. मधेच अडकला असता तर? सांगणारच होतो, पण तू सकाळपासून टॉर्च घेऊन डोक्यावर उभी, आणि त्यात दादाला फोन लावते म्हणालीस.

तिने सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही तोडलं नाही.

"मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली. अहो गेलं होतं, पण अरेही परत आलं नव्हतं. "सरळ विचारलं होतं. आता हा दोन तास चालेल?"

"चालेल."

"कशावरून?"

त्याने तोंड उघडलं. ती पट्टी खरोखरच दोषी होती, याबद्दल त्याची खात्री होती. नव्व्याण्णव टक्के होती. पण सकाळपासून त्याने वायरी ओढल्या होत्या, बॅटरी काढली होती, फुंकरी मारल्या होत्या, आणि यातल्या कशाने आत आणखी काय हललं असेल ते त्याला खरंच माहीत नव्हतं. चालेल म्हणजे चालेल, असं म्हणायला गेला आणि ते वाक्य त्याच्याच कानाला खोटं लागलं.

ती उठली. कपड्यांवरची धूळ झटकली, ओळखपत्र सरळ केलं, फोन काढून डॉक्टरीणबाईंना एवढंच विचारलं की रिपोर्टच्या खोलीची किल्ली वॉचमनकडे आहे का. आहे, असं कळलं. लॅब स्कूटरवरून दहा मिनिटांवर. तिने खुंटीवरचं हेल्मेट घेतलं.

"अगं, पण आता चालू झालाय ना," तो तिच्यामागे दारापर्यंत गेला. "रस्त्यात अडकलीस तर? इथे सगळं तयार आहे. बघ तरी. बसतेस ना? मी खोलीत थांबत नाही, मी बाहेर जिन्यात बसतो. बसतेस ना गं?"

ती चपला घालत होती. पट्टा अडकवला, हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि जिना उतरून गेली.