छातीवर दुमडलेले हात

मुलगी बोर्डिंग स्कूलला जायला लागली तेव्हा शाळेच्या चॅपलचं, म्हणजे आवारातल्या छोट्या चर्चचं, आम्हा दोघांनाही कौतुकच वाटलं होतं. लाल विटांचं, शाळेपेक्षाही जुनं, एपिस्कोपल या ख्रिस्ती पंथाचं. आत जुन्या विद्यार्थ्यांच्या नावाच्या पितळी पाट्या. देणगीदारांची नावं होती, पाद्रींची होती, विटा कोणी भाजल्या आणि रचल्या त्यांचं मात्र एकही नाव नव्हतं. हे मी नवऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला, "तू पोलिसात जायला हवं होतंस."

आहेच मी संशयी. शाळेच्या प्रत्येक ईमेलमध्ये असायचं की चॅपल सक्तीचं असलं तरी सर्व धर्मांच्या मुलांचं इथे स्वागत आहे. स्वागत आहे असं ज्या ठिकाणी फार वेळा सांगतात, तिथे मी पर्स घट्ट धरून बसते.

हिवाळ्याच्या सुट्टीत ती कॅरी गावातल्या आमच्या घरी आली आणि डिशवॉशर लावताना काहीतरी गुणगुणत होती. चाल संथ, चढत जाणारी. मी विचारलं तर म्हणाली, "It's just a hymn, आई." जी मुलगी गणपतीच्या आरतीला फोन बघत उभी राहायची, तिला यांची गाणी पाठ! पुढे फोनवर बोलताना घंटा ऐकू आली की ती घाईघाईने म्हणायची, "आई, चॅपल आहे, ठेवते." तिच्या आवाजात कंटाळा नसायचा. मला त्याचीच धास्ती बसली.

शाळा चॅपलची प्रार्थना पालकांसाठी लाइव्ह दाखवते. ऑफिसात आवाज बंद करून मी ती बघायला लागले. कॅमेरा अगदी मागे, नुसती डोकी दिसायची. पण आपल्या पोरीचं डोकं कळतंच. प्रार्थनेच्या शेवटी शेवटी ती उठली, रांगेत लागली आणि पुढच्या कठड्यापाशी गुडघे टेकून बसली. काही मुलं जागेवरच बसून होती, म्हणजे उठायची सक्ती नव्हती. ही आपणहून गेली होती.

नवरा म्हणाला, "अगं, विचार ना तिला सरळ." सरळ विचारलं तर पोरं सरळ सांगतात यावर याचा अजून विश्वास आहे! मी ठरवलं, पालकांच्या वीकेंडला जायचं, डोळ्यांनी बघायचं, आणि ही धर्म बदलतेय हे खरं निघालं तर सामानासकट घरी घेऊन यायचं. पोरगी माझ्या हातून निसटत होती आणि मी ते होऊ देणार नव्हते. चॅपलच्या पाद्रीबाईंना काय काय सुनावायचं ते मी गाडीत इंग्रजीत घोकून ठेवलं.

या पाद्रीबाई पन्नाशीच्या, पांढऱ्या झग्याखाली धावायचे बूट घातलेल्या. दारातच माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाल्या की तुमची मुलगी फार गोड आहे. कशावरून, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

आम्ही तिघं बाकावर बसलो. वेळ आली तशी मुलगी उठली, आणि तिच्यामागे मीही उठले. नवऱ्याने मला वाट द्यायला गुडघे वळवले आणि डोळे मोठे केले. मी कठड्यापाशी तिच्या शेजारी गुडघे टेकले. नजर तिच्यावर ठेवायची होती, पण पाद्रीबाई माझ्या बाजूने सुरू झाल्या, काहीतरी पुटपुटत समोर आल्या, आणि माझे हात आपोआप पुढे गेले. डाव्यावर उजवा, जसा देवळात प्रसादाला जातो तसा. त्यांनी पातळशी चकती ठेवली. मी ती तोंडात टाकली.

मग वळून बघते तर मुलीचे हात पुढे नव्हतेच. तिने ते छातीवर एकमेकांवर दुमडले होते. बाईंनी तिला काहीच दिलं नाही. फक्त तिच्या डोक्यावर हात ठेवला, काही शब्द म्हटले आणि त्या पुढे गेल्या. मागून एक गृहस्थ वाइनचा प्याला घेऊन आले. मी तीर्थासाठी करतात तसा तळहाताचा खळगा पुढे केला. ते बिचारे माझ्या हाताकडे बघत राहिले. "आई, no! हात खाली," मुलगी कुजबुजली.

बाहेर हिरवळीवर आल्यावर ती पोट धरून हसली. "बाबा, आईने communion घेतलं, त्यांचा प्रसाद! बाप्तिस्मा झाल्याशिवाय घेत नाहीत ते!"

"आणि तू?"

"मी कधीच घेत नाही. हात असे क्रॉस केले की त्यांना कळतं, मला नकोय. मग त्या फक्त ब्लेस करतात."

नवरा इतका हसला की त्याला खोकला आला. मीही हसले असते, पण माझा संशय असा सहजासहजी मरत नाही. "घ्यायचंच नसतं तर उठतेस कशाला?" मी विचारलं. "बाकीची पोरं बसतात ना जागेवर?"

तिचं हसू थांबलं. "त्या डोक्यावर हात ठेवतात ना, म्हणून."

"मग?"

"मग काही नाही. इथे कोणी कोणाला हात लावत नाही, आई. म्हणजे सगळे nice आहेत. पण अख्खा आठवडा कोणीच नाही."

नवरा खोकायचा थांबला. मी घोकून आणलेलं इंग्रजी कुणाला ऐकवणार होते? संशय खरा निघाला असता तर भांडता तरी आलं असतं. घरी चल म्हणावं, तर तिला शाळा आवडत होती, तेही दिसतच होतं. मी तिच्या डोक्याकडे हात नेला.

चॅपलच्या दारातून तिच्या वर्गातल्या मुली घोळक्याने बाहेर पडत होत्या. तिने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि अगदी हळू, मला लागू नये अशा बेताने म्हणाली, "आई, इथे नको ना."

मी हात खाली घेतला. दारात पाद्रीबाई कोणाशी तरी हसून बोलत होत्या. आयुष्यात मला कुणाचा इतका हेवा वाटला नव्हता.