वाचा हे कर्मेंद्रिय

पक्षाघातानं बाबांची वाचा गेली. जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलेला माणूस महिनाभर नुसता बघत राहिला. मला मात्र एका गोष्टीचा धीर होता. आपल्या शास्त्रांनी वाचेला डोळे-कानांबरोबर ज्ञानेंद्रियांत नाही, हातापायांबरोबर कर्मेंद्रियांत बसवलं आहे. म्हणजे बोलणंही चालण्यासारखं कामच. सरावानं परत येणारच.

म्हणून रोज सकाळी मी त्यांच्यापाशी बसून म्हणायचे, "वाक्, पाणि, पाद..."

एकदा "वाक्" म्हणून मी मुद्दाम थांबले. बाबांचे ओठ हलले. "पाणि."

आई पाण्याचा पेला घेऊन धावली. बाबांनी मान हलवली, अधू हात कष्टानं उचलून दाखवला आणि तिला दटावलं, "ऱ्हस्व!"

पाणि म्हणजे हात.

आई रडता रडता हसली. "चुकले हो, मास्तर."